रॅपामायसिनचे द्रावण तयार करताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर वापरल्या जाणाऱ्या रॅपामायसिन या संयुगाबाबत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा आशय बहुधा एकच असतो: पेशींवर परिणाम दिसला नाही, कुपी बदलून द्यावी. चौकशी केली असता पदार्थ चांगला असल्याचे आणि चूक विरलीकरणाच्या (द्रावण पातळ करण्याच्या) मधल्या पायरीत झाल्याचे वारंवार आढळते, म्हणून त्या पायरीविषयी येथे सविस्तर लिहीत आहोत.

रॅपामायसिन स्ट्रेप्टोमायसिस हायग्रोस्कोपिकस या जिवाणूपासून मिळते. १९६४ साली ईस्टर बेटावर गेलेल्या कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेने आणलेल्या मातीत हा जिवाणू सापडला, आणि माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत वेझिना, सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केलेले हे संयुग १९७५ मध्ये प्रथम बुरशीनाशक म्हणून प्रसिद्ध झाले. प्रतिकारशक्ती दडपण्याचा त्याचा गुण पुढे महत्त्वाचा ठरला. पेशीत ते एफकेबीपी१२ या प्रथिनाशी जोडले जाते आणि ही जोडी पेशीची वाढ नियंत्रित करणाऱ्या एमटॉर संकुल १ या प्रथिनसमूहाचे काम रोखते, हे आपण जाणताच. मात्र ९१४.१७ रेणुभाराचे हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, याचा विसर नेमका घाईच्या वेळी पडतो.

१ मिलिग्रॅम पदार्थ १.०९४ मिलिलिटर डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवला, की १ मिलिमोलर स्टॉक, म्हणजे साठवणीचे मूळ द्रावण, मिळतो. त्यातून पेशी वाढवण्याच्या माध्यमात १०० नॅनोमोलर तीव्रता आणायची, तर दर मिलिलिटरला ०.१ मायक्रोलिटर घालावे लागेल, आणि एवढे अल्प आकारमान पिपेटने खात्रीने मोजता येत नाही. म्हणून मधले विरलीकरण करणे योग्यच आहे. पण ते पाण्यात किंवा पीबीएस या फॉस्फेटयुक्त खारट द्रावणात केले, की संयुग द्रावणातून बाहेर पडून तळाशी बसते अथवा नळीच्या प्लॅस्टिकला चिकटते. साका नेहमी डोळ्यांना दिसतोच असे नाही, त्यामुळे पुढचा सगळा प्रयोग केवळ कागदावरच्या तीव्रतेवर चालतो आणि आठवड्याचे काम वाया जाते. मधले विरलीकरणही डीएमएसओमध्येच करावे: स्टॉक दहापट विरल करून १०० मायक्रोमोलर करावा आणि त्यातील १ मायक्रोलिटर दर मिलिलिटर कोमट माध्यमात घालून लगेच मिसळावा. डीएमएसओचे प्रमाण ०.१ टक्का राहते. तेवढेच डीएमएसओ नियंत्रण वेलमध्येही (तुलनेसाठी रॅपामायसिनविना ठेवलेल्या खाचेतही) घालावे. पाणीयुक्त माध्यमात ३७ अंशांवर हे संयुग हळूहळू विघटित होते, म्हणून माध्यमात मिसळलेले द्रावण साठवू नये आणि प्रयोग अनेक दिवसांचा असल्यास रोज ताजे माध्यम द्यावे.

पदार्थ काम करतो की नाही, हे पाहण्यासाठी एमटॉर संकुल १ ज्यावर क्रिया करते त्या एस६ कायनेज या प्रथिनाच्या थ्रिओनिन ३८९ वरील फॉस्फोरिलीकरण (फॉस्फेट गट जोडला जाणे) वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखण्याच्या पद्धतीने तपासावे; ते स्पष्टपणे घटलेले दिसायला हवे. एकेटी या प्रथिनाच्या सेरिन ४७३ वरील फॉस्फोरिलीकरणावरून निष्कर्ष काढू नये, कारण ते एमटॉर संकुल २ करते आणि त्या संकुलावर रॅपामायसिनचा तात्काळ परिणाम होत नाही.

कुपी उणे २० अंशांवर, अंधारात ठेवावी आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. डीएमएसओ हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात ही काळजी विशेष महत्त्वाची. उघडण्यापूर्वी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवावी. पदार्थ पातळ थरासारखा काचेला चिकटलेला असतो, म्हणून कुपी रिकामी वाटते. डीएमएसओ साधारण १८ अंशांखाली गोठते, ते खराब झाल्याचे लक्षण नव्हे. स्टॉक लहान भागांत वाटून ठेवल्यास वारंवार गोठणे-वितळणे टळते.

हे सर्व टाळायचे असल्यास, १०० मायक्रोमोलरचे डीएमएसओमधील तयार द्रावण एकेका प्रयोगाला पुरेल अशा छोट्या कुप्यांत आम्ही देतो. दर मिलिग्रॅमला ते थोडे महाग पडते, परंतु ज्या प्रयोगशाळेत नवे विद्यार्थी सतत येतात तिथे आम्ही तेच सुचवतो. उघडलेली कुपी आम्ही बदलून देत नाही, कारण ती कशी हाताळली गेली हे आम्हाला तपासता येत नाही. न उघडलेल्या कुपीबाबत मात्र विलंब न करता पर्याय देतो. हा पदार्थ केवळ संशोधनासाठी आहे. डीएमएसओ त्वचेतून आत शिरताना विरघळलेला पदार्थही सोबत नेऊ शकते, म्हणून हातमोजे आवश्यक आहेत. आयुष्य वाढवण्याच्या आशेने स्वतः घेण्यासाठी कोणी मागणी केल्यास आम्ही ती नाकारतो आणि म्हणूनच प्रत्येक मागणीबरोबर संस्थेचे पत्र मागतो.