उदास मनाचे निष्कर्ष तपासायची पद्धत कुठून आली

नैराश्यासाठी समुपदेशकाकडे जाणाऱ्याला आज बहुतेकदा सुरुवातीच्याच भेटींत विचारदोषांची एक यादी मिळते. सगळं किंवा काहीच नाही असा विचार, एका प्रसंगावरून कायमचा निष्कर्ष, समोरच्याच्या मनात काय आहे ते आपणच ठरवून टाकणं, चांगलं वगळून वाईट तेवढंच धरून बसणं. यादी वाचून अनेकांना वाटतं, हा ‘सकारात्मक राहा’चाच जरा शास्त्रीय अवतार आहे. तो तसा नाही. ही यादी आणि तिच्यामागची ‘कॉग्निटिव्ह थेरपी’ (विचार तपासून बघण्याची उपचारपद्धती) ज्या संशोधनातून निघाली ते संशोधन मुळात वेगळंच काही सिद्ध करायला निघालं होतं आणि त्यात अपयशी ठरलं होतं. पुरावा आपल्या लाडक्या सिद्धान्ताच्या विरुद्ध गेला तेव्हा संशोधकाने सिद्धान्त सोडला. पुढे रुग्णांना त्याने जे शिकवलं तेही हेच होतं.

माणसाला घटना छळत नाहीत, घटनांविषयीची त्याची मतं छळतात, असं एपिक्टेटस हा स्टोइक तत्त्वज्ञ सुमारे १९०० वर्षांपूर्वी शिकवत होता. पण तो जगण्याची शिस्त सांगत होता, आजार बरा करत नव्हता. वैद्यकात फार काळ उलटंच मानलं गेलं: आधी मन खचतं आणि काळे विचार त्यामागून येतात. ताप आला की अंग दुखतं, तसे. १९१७ मध्ये मनोविश्लेषणाचा, म्हणजे मनात दडलेल्या भावना शोधून उपचार करण्याच्या पद्धतीचा, जनक फ्रॉइड याने शोक आणि विषण्णता यांची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. हरवलेल्या प्रिय व्यक्तीवरचा राग माणूस नकळत स्वतःवर वळवतो आणि त्यातून विषण्णता येते, अशी त्याची मांडणी होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी मनोविश्लेषकांत ती जवळजवळ गृहीतच धरली जात होती. रुग्ण ‘मी नालायक आहे’ म्हणाला की विश्लेषक त्यामागचा राग शोधायचा. त्या वाक्यात तथ्य किती, हा प्रश्नच निघत नसे.

अ‍ॅरन बेक त्याच परंपरेत तयार झालेला मनोविश्लेषक होता. जन्म १९२१चा, काम फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. फ्रॉइडची मांडणी त्याला मान्य होती, फक्त ती आकड्यांनिशी सिद्ध करायची होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने नैराश्यग्रस्त रुग्णांची स्वप्नं गोळा केली. जागेपणी दाबलेला राग स्वप्नात तरी दिसेल, अशी अपेक्षा. राग फारसा सापडला नाही. स्वप्न पाहणारा त्यात हरलेला असायचा, टाकलेला असायचा, ऐन वेळी काहीतरी हातचं निसटलेलं असायचं. बेकने आधी सिद्धान्त सावरून पाहिला: या लोकांना दुःख भोगण्याचीच सुप्त ओढ असेल. मग तेही तपासायला घेतलं. दुःखाची ओढ असेल तर यश मिळाल्यावर माणूस अस्वस्थ व्हायला हवा. प्रयोगात रुग्णांना पत्ते लावण्यासारखी साधी कामं दिली, तर यश मिळालेल्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि पुढची कामगिरीही सुधारली. दुःख हवंसं असलेली माणसं अशी वागत नाहीत. स्वप्नांचा सरळ अर्थ उरला: या माणसांना स्वतःचं आयुष्य खरोखरच तसं दिसतं.

दुसरा धागा उपचाराच्या खोलीत मिळाला. मनात येईल ते बोलायचं, या नियमानुसार एक रुग्ण बेकवरच संतापून टीका करत होता. काय वाटतंय, असं विचारल्यावर तो म्हणाला, अपराधी वाटतंय. मग त्याने सांगितलं की तोंडाने टीका चालू असताना आत दुसराच ओघ चालला होता: मी चुकीचं बोलतोय, मी वाईट आहे, यांना मी आवडणार नाही. हा आतला ओघ त्याने कधीच बोलून दाखवला नव्हता, कारण कोणी विचारलंच नव्हतं. बेकने इतर रुग्णांना विचारायला सुरुवात केली आणि बहुतेकांकडे असा ओघ निघाला. त्याला नाव मिळालं ‘आपोआप येणारे विचार’. ते झरकन येतात, तुटक असतात आणि इतके खरे वाटतात की माणूस त्यांच्यावर शंकाच घेत नाही. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. एका डॉक्टरने रुग्णाच्या वाक्याचा गूढ अर्थ लावणं थांबवलं आणि ते वाक्य नीट ऐकलं.

१९६३ मध्ये बेकने विचार आणि नैराश्य यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मानसोपचार घेणारे नैराश्याचे ५० रुग्ण आणि नैराश्य नसलेले ३१ रुग्ण यांच्या बोलण्याची त्यात तुलना होती. आजच्या यादीचं मूळ तिथे आहे. पुराव्याविना निष्कर्ष: मैत्रिणीने निरोपाला उत्तर दिलं नाही, म्हणजे तिला मी नकोशी झालेय. एकच तपशील उचलणं: वरिष्ठांनी कामाचं कौतुक करून एक दुरुस्ती सुचवली, घरी येताना ती दुरुस्तीच सोबत आली. एका घटनेवरून सरसकट नियम, स्वतःची चूक डोंगराएवढी आणि गुण राईएवढा. महत्त्वाचं म्हणजे या चुका दोन्ही दिशांनी होत नव्हत्या. स्वतः, भोवतालचं जग आणि भविष्य या तिघांच्याही बाबतीत निकाल दर वेळी विरोधातच लागत होता.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोचला होता. तोही मनोविश्लेषण सोडून आलेला. १९५५ पासून तो विवेकनिष्ठ उपचार मांडू लागला: घटना आणि भावना यांच्यामध्ये एक श्रद्धा उभी असते आणि ती बहुधा ‘असंच झालं पाहिजे’ अशा हट्टाची असते. एलिस रुग्णाशी थेट वाद घालायचा. बेकचा स्वभाव वेगळा होता, तो प्रश्न विचारायचा. हा विचार कशावरून? उलट दाखवणारं काही घडलंय का? दुसरं स्पष्टीकरण असू शकेल का? तुमच्या जागी मित्र असता तर त्याला काय म्हणाला असता? मग दोघं मिळून एखादी छोटी चाचणी ठरवायचे आणि रुग्ण ती पुढच्या भेटीपर्यंत करून यायचा. उत्तर आधी ठरलेलं नसायचं. कधी तपासाअंती विचार बरोबरच निघतो, नोकरी खरंच धोक्यात असते, नातं खरंच तुटत असतं. तेव्हा काम बदलतं: आता काय करता येईल, हे पाहायचं.

सकारात्मक विचारांपासूनचा फरक इथे आहे आणि तो पुसला गेला की नुकसान होतं. खचलेल्या माणसाला ‘चांगला विचार कर’ म्हणणं म्हणजे पुरावा न देता उलटा निकाल स्वीकारायला सांगणं. त्याला तो पटत नाही आणि वर ‘मला साधा विचारही नीट करता येत नाही’ अशी आणखी एक भर पडते.

१९७७ मध्ये पहिली मोठी परीक्षा झाली. ४१ रुग्णांपैकी काहींना ही पद्धत आणि काहींना इमिप्रामिन हे त्या काळचं प्रस्थापित औषध दिलं. १२ आठवड्यांनी संवादाच्या उपचाराचे निकाल औषधापेक्षा सरस आले. १९७९ मध्ये बेक आणि सहकाऱ्यांनी उपचाराची सविस्तर पुस्तिका काढली. १९८० मध्ये बेककडे शिकलेल्या डेव्हिड बर्न्सने सामान्य वाचकांसाठी दहा दोषांची यादी लिहिली आणि तीच जगभर पसरली. यादी उपयोगी आहे, नाव मिळालं की विचार थोडा लांबून दिसतो. पण यादी सुटी फिरू लागली आणि तिच्यामागची चौकशी मागे राहिली, याचं मला वाईट वाटतं.

पुढचे निकाल इतके एकतर्फी नव्हते. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात, तीव्र नैराश्य असलेल्यांमध्ये औषध या पद्धतीपेक्षा उजवं दिसलं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी उपचाराचे भाग सुटे केले. १५० रुग्णांमध्ये, विचारांना हात न लावता फक्त बंद पडलेल्या कृती पुन्हा सुरू करून देणारा भाग पूर्ण उपचाराइतकाच गुणकारी निघाला. कदाचित घराबाहेर पडणं हाच विचाराविरुद्धचा सर्वांत ठोस पुरावा ठरत असेल. २००० साली टीसडेल, सीगल आणि विल्यम्स यांनी आणखी निराळी दिशा घेतली: विचाराशी हुज्जत न घालता, तो विचार आहे एवढंच सजगपणे पाहायचं. नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांमध्ये एरवी ६६ टक्क्यांना ते पुन्हा गाठत होतं, या गटात ३७ टक्क्यांना.

उदास माणसालाच जग अचूक दिसतं, असाही एक आक्षेप होता. १९७९ मध्ये अ‍ॅलॉय आणि अब्रामसन यांच्या प्रयोगात, बटण दाबून दिवा आपल्या ताब्यात किती आहे, याचा अंदाज खिन्न विद्यार्थ्यांनी अधिक बरोबर केला होता. कल्पना खूप गाजली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पुनर्तपासणीत तो परिणाम टिकला नाही.

सर्वांत गंभीर विचारदोष भविष्याबद्दलचा. आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेल्या २०७ रुग्णांचा बेकच्या गटाने वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांतल्या १४ जणांनी पुढे जीव दिला. १९८५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार धोक्याची खूण नैराश्याच्या तीव्रतेपेक्षा हताशपणात अधिक स्पष्ट होती, म्हणजे ‘आता काहीच बदलणार नाही’ या खात्रीत. २००५ च्या एका अभ्यासात, आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या १२० जणांपैकी निम्म्यांना दहा भेटींचा हा उपचार मिळाला. दीड वर्षात पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात २४ टक्के होतं, इतरांत ४२. असे विचार येत असतील तर कागद-पेन घेऊन एकट्याने तपासत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना आणि जवळच्या माणसाला सांगावं.

ही पद्धत तज्ज्ञाच्या खोलीबाहेर चालेल का, हा प्रश्न मात्र बराच काळ उघडा होता. २००८ मध्ये अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या खेड्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपणात नैराश्य आलेल्या ९०३ स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्या घरी जाणाऱ्या आरोग्य सेविका मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. थोडं प्रशिक्षण घेऊन त्या चित्रं दाखवत बोलायच्या: मनात कोणता विचार येतो, तो घातक कसा ठरतो, त्याजागी काय म्हणता येईल, आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करून पाहायचं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात २३ टक्के आयांना नैराश्य होतं, असं बोलणं न झालेल्या दुसऱ्या गटात ५३ टक्के. बाळं वर्षाची झाल्यावर पुन्हा पाहिलं, तेव्हाही जवळपास तेवढंच अंतर कायम होतं.