बामियानच्या चिखलातलं गवत

आमच्या बडोद्यातल्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, अमुक देवळाच्या दगडाचं कार्बन डेटिंग झालं आणि ते 12 हजार वर्षं जुनं निघालं. अहो, दगडाचं कार्बन डेटिंग होतच नाही! दगड कधी जिवंत नव्हता. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये अकोट्याच्या जैन ब्रॉंझ मूर्ती आहेत ना, त्यांचा काळसुद्धा मूर्तींवर कोरलेल्या लेखातल्या अक्षरांच्या वळणावरून आणि घडणीवरून ठरवलाय.

मग अफगाणिस्तानातल्या बामियानच्या, कड्यात कोरलेल्या बुद्धमूर्तींचं वय कार्बनने कसं काय कळलं? तालिबानने मार्च 2001 मध्ये आधी तोफा डागल्या, मग सुरुंग लावले आणि 55 मीटर आणि 38 मीटर उंचीच्या त्या दोन्ही मूर्ती उडवल्या. (तिथले हजारा मुसलमान पिढ्यानपिढ्या त्याच मूर्तींच्या पायथ्याशी राहत होते, त्यांचं काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे हा धर्माचा नाही, धर्मांधांचा उद्योग.) आता गंमत अशी की मूर्ती अख्ख्या दगडाच्या नव्हत्याच. कड्यात ढोबळ आकार कोरलेला आणि त्यावर चीवराच्या चुण्या मातीच्या लेपात काढलेल्या. आणि माती तडकू नये म्हणून, आपल्याकडे भिंत लिंपताना भुसा कालवतात तसंच, त्या लेपात गवताच्या काड्या आणि जनावरांचे केस घातलेले. स्फोटानंतर ढिगाऱ्यात हे लेपाचे तुकडे हजारोंनी सापडले, काड्यांसकट.

काडी म्हणजे सोनं. वरून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळे हवेतल्या थोड्या नायट्रोजनचा कार्बन-14 होतो, झाड तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतं, कापलं की घेणं बंद, आणि आत आहे तो 5,730 वर्षांत निम्मा होतो. लाकडात एक घोळ असतो, तुळईच्या गाभ्याचं लाकूड झाड तोडायच्या दोनशे वर्षं आधीच मेलेलं असू शकतं. गवत त्याच वर्षी उगवतं, त्याच वर्षी कापतात आणि चिखलात पडतं.

पण मोजायचं कसं? 1,400 वर्षांत साधारण 84 टक्के कार्बन-14 उरतो, पण मुळात तो असतो लाख कोटी कार्बन अणूंमागे एखादाच. एक मिलिग्रॅम कार्बन घेऊन अणू फुटायची वाट बघत बसलात तर दिवसाला सोळा-सतरा फुटतील, त्यात काय कळणार. म्हणून फुटायची वाटच बघायची नाही, अणूच मोजायचे! काडी आम्ल-अल्कलीने धुवून जाळतात, निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचं ग्रॅफाइट करतात, त्यावर सीझियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) मारून कार्बनचे ऋण आयन उडवतात आणि अ‍ॅक्सिलरेटरमधून (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून) पळवून चुंबकाने वजनाप्रमाणे वेगळे करतात. नायट्रोजन-14 चं वजन जवळपास तेवढंच, तो मिसळला तर सगळं मुसळ केरात, पण नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही, त्यामुळे तो पहिल्याच पायरीला गळतो. मला हे जितक्या वेळा वाचावं तितका आनंद होतो. मग आकडा झाडांच्या वर्षवलयांशी ताडून बघतात, कारण हवेतलं प्रमाण दर शतकात थोडं बदलतं.

उत्तर आलं: लहान मूर्ती इ.स. 544 ते 595, मोठी 591 ते 644. आधी अंदाज कित्येक शतकांत पसरलेले होते. चिनी प्रवासी ह्युएन त्सांग 630 च्या सुमारास तिथे गेला होता, म्हणजे मोठी मूर्ती त्याने जवळजवळ नवीकोरी पाहिली.

इसिसने 2015 मध्ये सीरियातल्या पाल्मिरा या प्राचीन शहरात तेच केलं, बेल नावाच्या देवाचं मंदिर उडवलं, आयुष्यभर ते अवशेष सांभाळणाऱ्या खालिद अल-असद यांना ठार मारलं. विजयकमानही पाडली. पुढच्याच वर्षी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्या कमानीची मशीनने कोरलेली प्रतिकृती उभी राहिली आणि टेक्नॉलॉजीने दहशतवाद्यांना हरवलं असा गाजावाजा झाला. फोटोवरून आकार परत येतो हो, पण ज्याला उद्या नवीन प्रश्न विचारता येईल असं त्यात काहीच नसतं.

बामियानला मूर्ती परत उभ्या करायच्या का, हा वाद अजून चालू आहे. माझं मत, घाई करू नका. तुकडे जोडायला आणि घट्ट करायला जी रेझिनं वापरतात ती बहुतेक पेट्रोलियमपासून केलेली, त्यात कार्बन-14 शिल्लकच नसतो, ती काडीत मुरली आणि नीट धुतली गेली नाहीत तर काडी आहे त्यापेक्षा जुनी दाखवते. निदान काही तुकडे तरी काही न लावता, कोरडे, तसेच ठेवा.