ब्रेक डिस्कचा गंज (विद्युत मोटारी)

विद्युत मोटारगाडी काही दिवस उभी राहिली की ब्रेकच्या चकतीवर म्हणजे डिस्कवर तांबूस थर चढतो आणि गाडी हलताना खरखर येते. बहुतेक डिस्क बिडाच्या असतात. बिडाचा तवा ओला ठेवला तर सकाळी जसा तांबूस दिसतो, तसेच हे. फरक एवढाच की तव्याला तेलाचा हात फिरवता येतो. डिस्कला तेल लावले तर ब्रेकच लागणार नाही.

पेट्रोल गाडीची डिस्कही गंजते, पण दोन-चार ब्रेकांत पॅड, म्हणजे ब्रेक दाबल्यावर डिस्कला घासणारे ठोकळे, तो थर खरवडून काढतात. विद्युत गाडीत पॅडना तेवढे कामच मिळत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर जनित्रासारखी चालते, वेग कमी होतो आणि वीज बॅटरीत परत जाते. यालाच ‘रिजेन’ म्हणतात. त्यामुळे पॅड खूप टिकतात, डिस्क मात्र झिजण्याआधीच गंजून बाद होऊ शकते. मागच्या चाकांवर ब्रेकचा भार मुळातच कमी, म्हणून तिथे हे जास्त दिसते. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या विद्युत गाड्यांना मागे ड्रम ब्रेक, म्हणजे बंदिस्त डब्याला आतून घासणारे ब्रेक, दिले, ते जुनाट वाटले तरी या दृष्टीने शहाणपणाचेच.

इंजिनाचा आवाज नसल्याने साधी खरखरही मोठी वाटते. सकाळची खरखर थोड्या अंतरात थांबली तर काळजी नको. हँडब्रेक लावून ओली गाडी उभी केली असेल, तर डिस्कला चिकटलेला पॅड निघताना ‘टक्’ असा आवाज येतो. चाकाच्या दर फेऱ्याला येणारी ‘खस्-खस्’ मात्र डिस्कवर पॅडचा ठसा किंवा खड्डे पडल्याचे लक्षण असू शकते. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना गंजून अडकल्या तर पॅड सुटत नाही आणि ते चाक तापते. थंड देशांत रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे कॅलिपर दरवर्षी किंवा २०,००० किलोमीटरला साफ करून वंगण द्यावे, असे टेस्ला सांगते. कोकण किनाऱ्यावर हेच मीठ हवेतून येते.

उपाय म्हणजे ब्रेक वापरणे. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, रिजेन कमीत कमी ठेवून काही वेळा जोरात ब्रेक दाबावेत. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रिजेन आपोआप मर्यादित होते, तेव्हा हे काम सहज साधते. गाडी धुतल्यावर लगेच उभी न करता एक फेरी मारावी. खड्डे पडलेली डिस्क लेथवर घासून घेता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली गेली तर बदलावीच लागते.