समुद्रातलं मडकं आणि लोणा

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव कोकणच्या एखाद्या बंदरात उतरून घाट चढून आला असावा. टेकडी खणली की वस्तू शेवटी कुठे पोचली ते कळतं. तिच्यासोबत जहाजात आणखी काय भरलं होतं, ते मात्र बुडालेलं जहाजच सांगतं. तुर्कस्तानजवळ उलुबुरुन इथे बुडालेल्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या जहाजात सुमारे १० टन तांबं आणि १ टन कथील निघालं. ब्राँझ ओतायला साधारण हेच प्रमाण लागतं!

तिथलं उत्खनन १९८४ ते १९९४ असं चाललं आणि पाणबुड्यांनी २२ हजारांहून जास्त बुड्या मारल्या. इतक्या बुड्या का? कारण ४५-५० मीटर खोलीवर एका वेळी जेमतेम २० मिनिटं काम होतं. दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो. घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि जिवावर बेततं. त्या वीस मिनिटांत वस्तू हलवण्याआधी तिची जागा मोजून, फोटो काढून, क्रमांक लावायचा. जागा नोंदवली नाही, तर हाती नुसती वस्तू उरते, इतिहास जातो.

खरी कसोटी पाण्याबाहेर लागते. जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा धरतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, हे आपण पाहतोच. समुद्रातल्या मडक्याचंही तेच होतं. मातीच्या छिद्रांत मीठ मुरलेलं असतं. मडकं वाळलं की मिठाचे स्फटिक फुगतात आणि पृष्ठभाग सोलून निघतो. म्हणून ते ओलंच ठेवायचं. आधी समुद्राच्या पाण्यात, मग त्यात थोडंथोडं गोडं पाणी वाढवत, शेवटी शुद्ध पाण्यात. पाणी वरचेवर बदलायचं आणि दर वेळी त्याची विद्युतवाहकता मोजायची; पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी ती जास्त. बदललेल्या पाण्यातही आकडा वाढेना, म्हणजे मीठ निघालं. याला महिने लागतात.

लाकडाचं दुखणं याहून मोठं. कुजलेल्या पेशींना आतलं पाणीच तोलून धरतं. ते उडालं की फळी आकसते, पिळवटते. १९६१ मध्ये वर काढलेल्या स्वीडनच्या 'वासा' जहाजावर पाण्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन मुरवण्यासाठी १७ वर्षं फवारणी चालली.

एवढी तयारी नसेल तर वस्तू वर काढूच नये. नोंद करून पुन्हा वाळूखाली झाकावी. वाळूत प्राणवायू फारसा पोचत नाही, त्यामुळे लाकूड पोखरणारे जीव तिथे टिकत नाहीत.