मिरर केलाय, मग स्नॅपशॉट कशाला?

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या दुकानांतले कॉम्प्युटर माळ्यावर चढायला लागतात. धोका पातळी ४३ फुटांची आहे, पण २०१९ आणि २०२१ साली नदी ५५ फुटांच्याही वर गेल्यापासून तिची वाट बघत कुणी बसत नाही. या धावपळीत एखादा दुकानदार मात्र निवांत असतो. "दोन डिस्क टाकल्यात की ओ, मिरर मारलाय. डेटा कुठं जातोय?"

मिरर म्हणजे एकाच डेटाची दोन डिस्कवर एकाच वेळी ठेवलेली हुबेहूब नक्कल. पण दोन्ही डिस्क एकाच डब्यात आणि डबा टेबलाखाली. पाण्याला त्या एक आहेत की दोन, यानं काय फरक पडतो? पूरही जाऊ द्या. जीएसटीची २० तारीख, अकाउंटंटनं घाईत भलतंच वर्ष निवडून डिलीट दाबलं, तर मिरर ते डिलीट त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही इमानेइतबारे करतो. रॅन्समवेअरनं फाइलींना कुलूप घातलं तर ते दोन्हीकडे बसतं. मिरर एकाच संकटावरचा उपाय आहे: दोनपैकी एक डिस्क मेली तरी काम थांबू नये. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड'ची, म्हणजे अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीची मांडणी केली, त्यात मिररिंग ही पहिली पातळी होती. स्वस्त डिस्क मरणारच, हे तिथं गृहीतच धरलेलं होतं. माणूस चुकणारच, हे गृहीत धरायला वेगळी व्यवस्था लागते. ती म्हणजे स्नॅपशॉट: काल संध्याकाळी सात वाजता डेटा जसा होता तसा आजही उघडून बघता येणं.

यावर उद्यमनगरातल्या कारखानदारांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो आणि तो अगदी रास्त आहे. दुसरी डिस्क विकत घेऊन बसवलेली आहेच, तर तिला 'आत्ताचीच नक्कल' ठेवायला लावण्याऐवजी 'कालचं रूप' सांभाळायला लावता येईल का? आणि तेही सर्व्हर बंद न करता?

येतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे काम 'एलव्हीएम', म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर करतो. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी तो १९९८ साली लिहिला. आज वापरात असलेली त्याची दुसरी आवृत्ती कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, 'डिव्हाइस मॅपर' नावाच्या थरावर उभी आहे, आणि सगळी गंमत त्या थरात आहे.

आपल्याला 'व्हॉल्यूम' म्हणून जे दिसतं ती जमीन नव्हे, तो सातबारा आहे. जमीन म्हणजे डिस्कवरचे प्रत्यक्ष तुकडे. एलव्हीएम ते सहसा ४ एमबीचे पाडतो, म्हणजे ५०० जीबीच्या व्हॉल्यूममध्ये असे १,२८,००० तुकडे. व्हॉल्यूमचा अमुक भाग कुठल्या डिस्कवर कुठून कुठपर्यंत आहे, एवढंच त्या तक्त्यात लिहिलेलं असतं. सलग तुकडे एकाच ओळीत मावतात, त्यामुळे तक्ता बहुधा दोन-चार ओळींचाच निघतो. फेरफार करताना जमीन जागची हलत नाही, नोंद बदलते. इथंही तसंच. नवा तक्ता आधी बाजूला तयार ठेवायचा, व्हॉल्यूमला क्षणभर थांबवायचं, हातातली वाचनं-लेखनं पुरी होऊ द्यायची, नवी रांगेत उभी करायची, तक्ता बदलायचा आणि रांग सोडायची. वर टॅलीमध्ये व्हाउचर टाकणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. इथं जरा डोकं लावावं लागेल.

स्नॅपशॉट घेताना डेटाची नक्कल होतच नाही. ५०० जीबीच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट एक-दोन सेकंदांत 'तयार' होतो तो त्यामुळेच. त्या क्षणी फक्त एक मोकळी जागा, समजा ५० जीबी, बाजूला काढली जाते आणि एक कोरी वही उघडली जाते. खरं काम सुरू होतं ते पुढच्या लेखनाला.

व्हॉल्यूमचे ४ केबीचे कप्पे धरा. कुणीतरी इनव्हॉइस दुरुस्त केलं आणि कप्पा क्रमांक १२०८ वर नवं लेखन आलं. कर्नल ते तिथल्या तिथं अडवतो आणि आधी वही बघतो: १२०८ ची नोंद आहे का? नाही. मग १२०८ मधला जुना मजकूर वाचायचा, तो ५० जीबीच्या जागेतल्या पुढच्या रिकाम्या कप्प्यात, समजा ३७ मध्ये, लिहायचा आणि वहीत नोंद करायची: '१२०८ चं जुनं रूप ३७ मध्ये'. ही नोंद डिस्कवर पक्की झाली, की मगच अडवलेलं नवं लेखन १२०८ मध्ये सोडायचं. पाच मिनिटांनी त्याच इनव्हॉइसमध्ये पुन्हा बदल झाला, तर वहीत नोंद सापडते आणि लेखन थेट आत जातं, कारण संध्याकाळचं रूप आधीच सुरक्षित आहे. स्नॅपशॉट वाचणाऱ्याचा मार्ग याच वहीतून जातो: नोंद असेल तर ३७ कडे जा, नसेल तर मूळ व्हॉल्यूममधूनच वाच, कारण तिथं काही बदललेलं नाही.

वहीतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची असते: ८ बाइट जुन्या कप्प्याचा क्रमांक, ८ बाइट नव्याचा. ४ केबीच्या एका पानात अशा २५६ नोंदी मावतात. पान भरलं की पुढचे २५६ कप्पे डेटाचे, मग पुन्हा पान. इतकी साधी रचना मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

या साधेपणाची किंमत आहेच. पहिल्यांदा बदलणाऱ्या प्रत्येक कप्प्यासाठी मूळ लेखनाशिवाय एक वाचन आणि दोन लेखनं जास्तीची होतात. या जुन्या पद्धतीत चार स्नॅपशॉट धरून ठेवले तर नक्कल चारही ठिकाणी करावी लागते आणि फिरत्या डिस्कचा जीव जातो. २०१२ च्या सुरुवातीला आलेल्या ३.२ कर्नलमध्ये 'थिन' पद्धतीचे स्नॅपशॉट आले. त्यात जुने कप्पे सगळ्यांनी मिळून वापरायची सोय आहे.

मिररकडेही अशीच एक वही असते, फक्त अगदी कंजूष. मिरर केलेल्या व्हॉल्यूमवर लेखन आलं की ते दोन्ही डिस्कवर जातं. पण एकीवर लिहून झालं आणि दुसरीवर लिहिण्याआधीच लाइट गेली तर? म्हणून लेखनापूर्वी त्या विभागापुढे एक खूण केली जाते, 'इथं काम चालू आहे', आणि दोन्हीकडे लेखन पुरं झाल्यावर ती सावकाश पुसली जाते. विभाग २ एमबीचा धरला तर १ टीबीमध्ये ५,२४,२८८ विभाग होतात. प्रत्येकाला एक बिट, म्हणजे सगळी वही ६४ केबीत आटोपते. मोबाइलवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही याहून जड असतो. लाइट आल्यावर अख्खी डिस्क न तपासता फक्त खुणा केलेले विभाग जुळवले की भागतं.

म्हणजे दोघंही फरकाचीच नोंद ठेवतात. स्नॅपशॉट 'काय बदललं आणि त्याचं जुनं रूप कुठं आहे' हे लिहितो, मिरर 'कुठं बदल झाला' एवढंच. एकातून दुसऱ्यात जाता येतं ते यामुळे, आणि ही सगळी अदलाबदल 'एलव्हीकन्व्हर्ट' या एकाच आज्ञेत भरलेली आहे.

पहिली वाट: मिरर मोडायचा, दुसरी डिस्क मोकळी करायची आणि तिच्यावरची जागा स्नॅपशॉटसाठी द्यायची. मिररच्या प्रती शून्य करायला सांगितलं की काम क्षणात होतं. कोणती डिस्क काढायची ते नाव घालून सांगा, नाहीतर ती निवड एलव्हीएम स्वतः करतो. परतीची वाट महाग आहे. स्नॅपशॉट काढून पुन्हा मिरर करताना ५०० जीबी अथपासून इतिपर्यंत नकलावे लागतात. सेकंदाला १०० एमबी धरले तर सुमारे ८३ मिनिटं, आणि दिवसा काम चालू असेल तर कितीतरी जास्त. तेवढा वेळ तुम्ही एकाच डिस्कच्या जिवावर असता.

दुसरी वाट मला जास्त देखणी वाटते. मिररची एक बाजू 'फरक टिपत राहा' असं सांगून तात्पुरती वेगळी काढायची. ती त्या क्षणाला गोठते आणि फक्त वाचता येते, म्हणजे झाला की स्नॅपशॉट! अख्खी नक्कल तयारच होती, त्यामुळे जुना मजकूर हलवण्याचा ताण नाही. मूळ बाजू काम करत राहते आणि बदललेल्या विभागांच्या खुणा साठत जातात. गोठलेल्या बाजूवरून निवांत बॅकअप काढा आणि परत जोडा. परत जोडताना फक्त खुणा असलेले विभाग नकलले जातात. तासाभरात ३ जीबीचे विभाग बदलले असतील तर ३ जीबीच. फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल तर गोठलेली बाजू माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, 'नोयूयूआयडी' सांगावं लागतं, कारण दोन्हींवर एकच ओळखक्रमांक असतो आणि कर्नल दुसरीला दारातूनच परत पाठवतो.

धोका इथंच दबा धरून बसलेला आहे. परत जोडण्याची आज्ञा दोन्हीकडे एकच: 'मर्ज'. पण डेटा उलट्या दिशांनी वाहतो. वेगळी काढलेली मिररची बाजू मर्ज केली तर ती आजच्यासारखी होते आणि तिच्यावरचं कालचं रूप पुसलं जातं. स्नॅपशॉट मर्ज केला तर मूळ व्हॉल्यूमच कालच्यासारखा होतो आणि आजचं काम जातं. व्हॉल्यूम त्या वेळी वापरात असेल तर स्नॅपशॉटचं मर्ज लगेच सुरूही होत नाही, व्हॉल्यूम पुन्हा सुरू होईपर्यंत थांबतं. संध्याकाळी दिलेली आज्ञा अशी दुसऱ्या दिवशी सकाळी, सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर अंमलात येते. एंटर दाबण्याआधी आपण कुठल्या प्रकारच्या व्हॉल्यूमवर उभे आहोत ते 'एलव्हीएस' ही व्हॉल्यूमची यादी दाखवणारी आज्ञा चालवून बघा.

हे काम अमावास्या टळल्यावरच करू, असं म्हणणारे मालक आपल्याकडे कमी नाहीत. खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू लावा, माझी ना नाही, फक्त पंख्याच्या जाळीत नको. पण डिस्कला तिथी कळत नाही. शनिवारची रात्र निवडा, कारण तेव्हा लेखन कमी असतं, दोन डिस्क जुळवण्याचं काम (सिंक) लवकर होतं आणि रविवार हाताशी राहतो. तिथीइतकीच अंधश्रद्धा विक्रेत्यांच्या पत्रकांतही भेटते. 'स्वतःला बरं करणारं स्टोरेज' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं म्हणजे हीच ६४ केबीची वही आणि वर चढवलेला सुंदर डॅशबोर्ड असतो.

आणखी एक गैरसमज मोडायला हवा. दुसऱ्या डिस्कवर स्नॅपशॉट आहे म्हणजे तिथं डेटा आहे, असं नाही. तिथं फक्त बदललेल्या कप्प्यांची जुनी रूपं आहेत. पहिली डिस्क मेली तर स्नॅपशॉटही गेला, कारण न बदललेलं सगळं तो पहिलीवरूनच वाचत होता. म्हणून मिरर मोडून स्नॅपशॉट घेणं हा सौदा मला पटत नाही. तिसरी डिस्क घ्या: दोघींचा मिरर, तिसरीवर स्नॅपशॉटची जागा. आणि बॅकअपची प्रत पूररेषेच्या बाहेर, दुसऱ्या इमारतीत.

एवढं करूनही एक सेटिंग हमखास राहून जातं. स्नॅपशॉटची ५० जीबी जागा भरली, तर मूळ व्हॉल्यूमला काही होत नाही, पण स्नॅपशॉट अवैध ठरतो आणि पुन्हा उघडत नाही. जागा आपोआप वाढवायची सोय एलव्हीएममध्ये आहे, पण तिचा उंबरठा मुळात १०० टक्क्यांवर ठेवलेला असतो, आणि १०० म्हणजे सोय बंद. तो ७० केला आणि वाढ २० टक्के ठेवली, तर ३५ जीबी भरल्याबरोबर ५० चे ६० होतात. त्यासाठी लक्ष ठेवणारा 'डीएमइव्हेंटडी' चालू हवा आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे सगळ्या डिस्कच्या एकत्र साठ्यात, न वाटलेली जागा शिल्लक हवी. व्हॉल्यूम पाडताना सगळी डिस्क वाटून टाकली असेल, तर उंबरठा कितीही ठेवला तरी वाढायला जागाच नसते.