‘खड्डा नाही म्हणजे नजर नाही’ हे खरं नाही

मुलाच्या ओसीटी (प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) रिपोर्टवर ‘फोव्हियल हायपोप्लेझिया’, म्हणजे फोव्हियाची अपुरी वाढ, असं लिहिलेलं दिसलं की नातेवाइकांत एक वाक्य हमखास फिरतं: पडद्याच्या मध्यावर खड्डाच नाही, आता नजर येणं अशक्य. ही समजूत चुकीची आहे.

फोव्हिया म्हणजे पडद्याच्या मध्यावरचा, बारीक अक्षरं वाचणारा भाग. तिथे आतले थर बाजूला सरकून खड्डा तयार होतो. ऑल्बिनिझममध्ये (जन्मजात रंगद्रव्य कमी असणं), डोळ्याच्या घडणीशी संबंधित पॅक्स-६ जनुकातल्या दोषात किंवा वेळेआधी जन्मलेल्या मुलांत तो उथळ राहतो किंवा होतच नाही. पण नजर मुख्यतः ठरते ती त्याखालच्या शंकुपेशींवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींवर. त्या लांब, सडपातळ होऊन दाटीने बसल्या असतील, तर खड्डा नसूनही नजर बऱ्यापैकी, काहींत तर उत्तम असते. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या या अपुऱ्या वाढीच्या चार श्रेणी याच थरांवर बेतलेल्या आहेत: पहिलीत खड्डा उथळ, दुसरीत खड्डा नाही पण शंकुपेशींची लांबी शाबूत, तिसरीत तीही नाही, चौथीत बाहेरचा केंद्रक-थरही (प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या केंद्रकांचा थर) मध्यावर जाड झालेला नसतो. श्रेणी वाढते तशी नजर साधारणपणे घटते.

साध्या फंडस फोटोत (पडद्याच्या समोरून काढलेल्या फोटोत) हे थर दिसत नाहीत. फार तर मध्यावरची चमक हरवलेली कळते. ओसीटी अँजिओग्राफीत (पडद्याच्या रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या ओसीटीत) एरवी रक्तवाहिन्या नसलेली मधली जागा लहान किंवा गायब दिसते. बुबुळ थरथरणाऱ्या तान्ह्या बाळासाठी हातात धरायचं ओसीटी यंत्रही असतं, मात्र ते सगळीकडे मिळत नाही.

तेव्हा डॉक्टरांना श्रेणी विचारा.