शेरी फिनिश म्हणजे शेरीत मुरलेली नव्हे

ग्लेनमॉरंजी लसांटा आणि ग्लेनफार्क्लस 15, दोन्ही स्कॉच व्हिस्की. ड्यूटी फ्रीतला विक्रेता या दोन बाटल्या शेजारी मांडतो आणि सांगतो, "दोन्ही शेरी कास्क आहेत सर, जी स्वस्त पडेल ती घ्या." (शेरी ही स्पेनची वाइन, आणि कास्क म्हणजे लाकडी पिंप.) व्हॉट्सॲप ग्रुपवरचे जाणकारही हेच ऐकवतात. सल्ला चांगल्या मनानं दिलेला असतो आणि साफ चुकीचा असतो.

सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत (दारू गाळण्याच्या कारखान्यात) मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की, एवढं पुरे. स्पेसाइड विरुद्ध हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या कुठल्या प्रदेशातली व्हिस्की, हा वादही सोडतो. नकाशा बघून चव ओळखण्याची हौस मला कधीच पटलेली नाही.

घोळ पुढे आहे. लसांटाची 12 वर्षांची बाटली घ्या. तिच्यातली व्हिस्की आधी 10 वर्षं अमेरिकेतून आलेल्या, बर्बन या तिथल्या व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरते. मग ती उपसून ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझ या प्रकारांच्या शेरीच्या पिंपांत भरतात आणि तिथं आणखी 2 वर्षं ठेवतात. हे झालं फिनिश. ग्लेनफार्क्लस 15 चा मुक्काम मात्र बदलत नाही. ती भरली जाते शेरीच्या पिंपात आणि वर्षं मोजली जातात तीही तिथलीच. लेबलवरचा आकडा दोन्हीकडे ओक लाकडाच्या पिंपांतला एकूण काळ सांगतो. "12" आणि "शेरी कास्क फिनिश" हे एका लेबलवर वाचलं की लोक "12 वर्षं शेरीत" असा अर्थ काढून मोकळे होतात. त्या 12 पैकी शेरीच्या वाट्याला किती आली, हे तो आकडा सांगतच नाही. स्कॉचच्या नियमांत फिनिशला किमान मुदतही नाही. बाल्वेनी या दुसऱ्या स्कॉच डिस्टिलरीच्या डबलवुड 12 चा शेरीतला मुक्काम साधारण 9 महिन्यांचा. ग्लेनमॉरंजीचीच क्विंता रुबान 14 पोर्ट या पोर्तुगीज वाइनच्या पिंपात 4 वर्षं काढते. मोजणी वगळून नुसतं "फिनिश आहे" म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं.

हा फरक जिभेला कळतो. फिनिश ही वरणावर शेवटी ओतलेली फोडणी असते. वास तिचाच आधी येतो, पण खाली वरण वरणच राहतं. आमटीत शिजलेला गोडा मसाला असा वेगळा काढून दाखवता येत नाही. लसांटात पहिल्या घोटाला मनुका आणि संत्र्याची साल येते, पण जरा थांबलात की व्हॅनिला आणि मध वर येतात. ती बर्बनच्या पिंपांची 10 वर्षं. ग्लेनफार्क्लसमध्ये सुका मेवा, अक्रोड आणि ओकचा तुरटपणा शेवटपर्यंत एकत्रच चालतात.

एवढं सांगितलं की दुसरी टोळी उठते: मग फिनिश म्हणजे काटकसरीचा जुगाड! थोडं तथ्य आहे. बर्बनला कायद्यानं आतून जाळलेलं नवं ओकच लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली अमेरिकन पिंपं भरपूर मिळतात. शेरी पूर्वी पिंपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडच्या पदरात पडायची. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि तो झरा आटला. आता डिस्टिलऱ्या ओकची पिंपं घडवून घेतात, त्यांत शेरी भरून ठेवतात आणि मग ती मागवतात. हे महाग पडतं. वारंवार वापरून थकलेल्या पिंपातली निस्तेज व्हिस्की शेवटचे काही महिने शेरीत बुडवून खपवणारेही आहेत. पण लसांटाला त्या रांगेत उभं करणं अन्याय आहे, आणि त्याचं कारण तिच्या डिस्टिलरीत सापडतं.

स्कॉटलंडच्या टेन गावातली ही ग्लेनमॉरंजी डिस्टिलरी विल्यम मॅथेसननं 1843 मध्ये सुरू केली. पहिली पॉट स्टिल्स, म्हणजे दारू गाळण्याची तांब्याची भांडी, जिन बनवणाऱ्यांकडून जुनी घेतलेली, लांब मानेची. तोच घाट पुढं जपला गेला. आज त्या मानेची उंची 5.14 मीटर आहे, स्कॉटलंडमध्ये सर्वांत जास्त. एवढी उंची चढताना जड वाफ तांब्यावरच थंड होऊन परत खाली पडते आणि हलकी तेवढी पलीकडे पोचते. निघणारी दारू नाजूक, फुलांच्या वासाची असते. ती 12 वर्षं ओलोरोसोत कोंडा, डिस्टिलरी चवीतून गायब होईल. तिला 2 वर्षं पुरतात.

ग्लेनफार्क्लसचा परवाना 1836 चा. बेन रिनेस डोंगराच्या पायथ्याची ही डिस्टिलरी जॉन ग्रँटनं 1865 मध्ये 511 पौंड 19 शिलिंगांना घेतली आणि ती अजून त्याच घराण्याकडे आहे. तिथं पॉट स्टिलखाली थेट आग असते, आता गॅसची. 1981 मध्ये त्यांनी वाफेनं तापवून पाहिलं. दारूचा भरीवपणाच गेला, मग मुकाट्यानं आगीवर परत आले. अशी जाड अंगाची दारू 15 वर्षं शेरी पचवते आणि तरी स्वतःची ओळख सोडत नाही.

म्हणून बाटलीवरचं "1843" बघून "काय जुनी परंपरा आहे शेरी फिनिशची" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. फिनिश हा प्रकार पुरता अर्धशतकाचाही नाही. बाल्वेनीत तिथली व्हिस्की घडवणाऱ्या डेव्हिड स्टुअर्टनी त्याचे प्रयोग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला केले, डबलवुड 1993 मध्ये बाजारात आली, आणि ग्लेनमॉरंजीनं पोर्ट, शेरी, मदेरा (हीही पोर्तुगालची वाइन) अशी फिनिशची रांग 1990 च्या दशकात लावली. लसांटा हे नाव तर 2007 चं. ग्लेनमॉरंजीचा वारसा त्या लांब मानेत आहे, शेरीत नाही.

सगळ्यात वाईट सापळा "डबल" या शब्दाचा. बाल्वेनी डबलवुड एका पिंपातून दुसऱ्यात जाते, म्हणजे फिनिश. मॅकॅलन डबल कास्क 12 मध्ये तसं काही होत नाही: काही व्हिस्की शेरी मुरवलेल्या अमेरिकन ओकमध्ये, काही शेरी मुरवलेल्या युरोपियन ओकमध्ये मुरते आणि शेवटी दोन्ही एकत्र करतात. ॲबरलावर 12 मध्येही बर्बन आणि शेरीची पिंपं वेगवेगळी मुरवून एकत्र केलेली असतात. तीनही बाटल्या दुकानात एकाच फळीवर असतात आणि तीनही "डबल मॅच्युअर्ड" म्हणून विकल्या जातात. एकापाठोपाठ की शेजारी-शेजारी, एवढं विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. स्कॉचमध्ये साधं कॅरॅमल घालायला परवानगी आहे, त्यामुळे गडद दिसली म्हणजे शेरीत जास्त राहिली असं काही नाही.

एका वेळी एकच निवडायची तर मी पावसाळी संध्याकाळी ग्लेनफार्क्लस घेईन, पाण्याचे दोन-चार थेंब घालून. जेवणाआधी लसांटा. कोला दोन्हींत नको, आणि लसांटा बर्फात बुडवलीत तर 2 वर्षांच्या शेरीचे पैसे फुकट गेले.

हे हिशेब गोव्यात बनणाऱ्या व्हिस्कीला मात्र लावू नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्यातल्या कुंकळ्ळीत, जिथं पॉल जॉन ही भारतीय सिंगल मॉल्ट बनते, ते प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास आहे, आणि उष्म्यात लाकूडही तितक्याच घाईनं आपला अर्क सोडतं. तिथं शेरीच्या पिंपात 2 वर्षं म्हणजे टेनमधली 2 वर्षं नव्हेत. तेव्हा गोव्याच्या बाटलीवर वयाचा आकडा नसला म्हणून नाक मुरडण्यापेक्षा ती आधी कशात होती आणि मग कशात गेली, ते शोधा.